सायबर सिक्युरिटी कंपनीत काम करणं नेमकं कसं असतं? जळगावात शिकून तिथे जाता येतं का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की जळगावला बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, रील्समध्ये काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळताना बघून या लाइनीत यावंसं वाटतंय, पण घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. मी अमळनेरकडचा, पुण्याच्या एका सिक्युरिटी कंपनीत सॉकमध्ये काम करतो, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. कंपनीचं नाव सांगत नाही, तसं अॅग्रीमेंटच असतं. बाकी जे आहे ते सांगतो.

पहिलं म्हणजे ती हिरवी अक्षरं विसरा. आमचं काम वाचायचं आणि लिहायचं आहे भाऊ. क्लायंट म्हणजे बँका, हॉस्पिटलं, कारखाने. त्यांच्या सर्व्हरचे, फायरवॉलचे, लॅपटॉपचे लॉग, म्हणजे कधी काय घडलं याच्या नोंदी, एका ठिकाणी गोळा होतात, त्या सॉफ्टवेअरला सगळे सिम (SIEM, मोबाइलचं सिम नव्हे) म्हणतात, आणि त्यात काही विचित्र दिसलं की अलर्ट पडतो. तो उघडायचा, खरा की खोटा ठरवायचं, का ते टिकीटमध्ये लिहायचं, खरा असेल तर वरच्याला द्यायचा नाहीतर बंद करायचा. एल-वन म्हणून, म्हणजे पहिल्या पायरीवर, लागलात तर दिवसभर हेच. यातले बहुतेक फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटे अलर्ट, निघतात. कोणी सुट्टीवरून आला आणि पासवर्ड विसरला, अलर्ट. कोणी गोव्यातून लॉगिन केलं, अलर्ट. आपल्याकडे मक्याच्या शेतात रात्री राखण करतात तसं आहे, प्रत्येक खुसपुशीला डुक्कर आलं म्हणून उठलात तर रात्रभर उठबस होईल, आणि एकदा कंटाळून पडून राहिलात तर नेमका तेव्हाच प्लॉट साफ.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. पॉवरशेल हे कमांड टाइप करून कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायचं टूल विंडोजमध्ये असतंच, त्याला एन्कोड केलेली, म्हणजे सरळ वाचता येणार नाही अशी, कमांड दिली की अलर्ट पडतो, कारण हल्लेखोर आपला कोड लपवायला तेच करतात. पण गंमत अशी की बॅकअपची, पॅचिंगची (अपडेट टाकायची) चांगली चांगली टूलंही तेच करतात. म्हणजे अलर्ट सेम टू सेम, मग ओळखायचं कसं? तर पॉवरशेलला चालू कोणी केलं ते बघायचं. बॅकअपच्या सर्व्हिसने केलं असेल, रोज त्याच टायमाला होत असेल, तर बहुतेक काही नसतं. पण एकदा महिनाअखेरीला, रात्री साडेनऊच्या सुमारास, एका क्लायंटच्या अकाउंट्सच्या मशीनवर दिसलं की पॉवरशेल उघडलंय वर्डने. वर्डला पॉवरशेलशी काय करायचंय? डीकोड केलं तर आत सरळ बाहेरच्या एका पत्त्यावरून फाइल उतरवायची ओळ. कोणीतरी मेलमधलं बिल म्हणून आलेलं डॉक्युमेंट उघडलं होतं आणि वरची पिवळी पट्टी दाबून मॅक्रो, म्हणजे डॉक्युमेंटच्या आतला छोटा प्रोग्राम, चालू केला होता.

आता खरं काम इथून पुढे असतं जे कोणत्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. मशीन नेटवर्कपासून तोडायचं बटण आमच्याकडे असतं, पण या क्लायंटशी ठरलेलं असं की आधी त्यांच्या माणसाला विचारायचं, आणि तो माणूस जेवत होता आणि म्हणाला, उद्या सकाळी बघू, आज पगार टाकायचेत, ते मशीन बंद नाही करता येणार. त्याला मी लॅटरल मूव्हमेंट (हल्लेखोर एका मशीनवरून दुसऱ्यात शिरतो ते) वगैरे सांगत बसलो असतो तर त्याने फोन ठेवला असता. मी म्हटलं साहेब, याच मशीनवरून पगार जाणारेत ना, मग आत्ता त्याच्यासमोर आणखी कोण बसलंय ते आपल्याला माहीत नाही. दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला तोडा. पगार दुसऱ्या लॅपटॉपवरून गेले. थँक्यूबिंक्यू काही आलं नाही, येतही नाही, या कामात काही झालं नाही हेच तुमचं काम झाल्याचं लक्षण आणि अप्रेझलला ते दाखवायचं कसं हा वेगळाच त्रास.

शिफ्टबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. चोवीस तास चालणारं काम आहे, सकाळ-दुपार-रात्र फिरत असतं, आणि सणावाराला जास्त जागं राहावं लागतं कारण समोरचा सुट्टी बघूनच येतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, एकूण ९४ कोटींच्या आसपास गेले, त्यातले बहुतेक ११ तारखेला, शनिवारी, क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले. एटीएमच्या व्यवहाराला हो म्हणणारी जी सिस्टीम असते तिच्या जागी हल्लेखोरांचीच बनावट सिस्टीम हो म्हणत होती. आणि १३ तारखेला परत स्विफ्टमधून, म्हणजे बँका परदेशात पैसे पाठवायला वापरतात त्या सिस्टीममधून, हाँगकाँगला पैसे पाठवले. ही केस वाचून ठेवा, आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत असते.

मी स्वतः जवळून बघितलं ते लॉग-फोर-जे. डिसेंबर २०२१, शुक्रवार होता, १० तारीख. जावाच्या प्रोग्राममध्ये लॉग लिहायला वापरतात ती फुकटातली लायब्ररी, तिच्यात असं भोक सापडलं की नुसती एक ओळ तिच्यापर्यंत लॉगमध्ये पोचवली तरी समोरच्याचा सर्व्हर आपला. गंभीरतेचे मार्क १० पैकी १०. प्रत्येक क्लायंटचा एकच फोन, आमच्याकडे हे आहे का? आणि कोणालाच सांगता येईना, कारण ती लायब्ररी त्यांनी टाकलेली नव्हती, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात कुठेतरी होती. ऐन लग्नसराईत चुलतभावाची हळद मी व्हिडीओ कॉलवर बघितली, तेही म्यूट करून. सुट्ट्यांचं तर विचारूच नका, दिवाळीची सुट्टी मॅनेजरला समजते, आपल्या खानदेशातल्या आखाजीची आणि कानबाईची त्याला समजवून सांगावी लागते.

२०२२ पासून कागदपत्रंही वाढलीत. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, त्या वर्षी २८ एप्रिलला नियम काढला की ठरावीक प्रकारची घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. सहा तास ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातले पहिले तीन तर ही खरंच घटना आहे का यावर क्लायंटच्या लोकांची मीटिंग चालण्यात जातात.

पेनटेस्टिंगवाले वेगळे, ते परवानगी घेऊन क्लायंटची सिस्टीम फोडून बघतात, रीलवाल्या चित्राच्या जरा जवळ तेच. पण तिथेही चार दिवस टेस्टिंग आणि मग रिपोर्ट लिही लिही लिही. परवानगी म्हणजे लेखी बरं का. कॉलेजच्या वेबसाइटवर हात साफ करायचा विचार असेल तर आयटी कायद्याचं कलम ६६ वाचा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

इंग्रजीची भीती आपल्याकडच्या पोरांना फार असते. मराठी मीडियमचे जे माझ्यासोबत आहेत ते टिकीट उलट चांगलं लिहितात, छोटी वाक्यं, काय दिसलं, कुठे दिसलं, काय केलं, संपलं. कॉलवर सुरुवातीला अडखळतात, ते जातं. सुरुवातीचा पगार मात्र डेव्हलपर झालेल्या मित्राचा ऐकून हिरमोड करणारा असू शकतो. पहिली दोन-तीन वर्षं दम धरला तर पुढे बरं असतं, आणि बरेच जण नाइट शिफ्टला कंटाळून त्याआधीच सोडतात तेही खरंय.

घरून काम करता येतं का विचारलंय. मी महिन्यातले काही दिवस गावाहून करतो. पण क्लायंटच्या बँकेचे लॉग समोर असल्यावर ओसरीवर बसून चालत नाही, दार लावलेली वेगळी खोली लागते, पेनड्राइव्ह लावता येत नाही, स्क्रीनचा फोटो काढायचा नाही. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर, फायबर तुटतं म्हणून मोबाइलचं नेट वेगळं, आणि मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत बंद खोलीत लॅपटॉपचा पंखा आपल्यापेक्षा जास्त ओरडतो. वर गावात कळलं की तुम्ही सायबरवाले, की लोक फोन घेऊन दारात. हल्ली जास्त करून लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडचं अॅप टाकायची फाइल, उघडलेली असते, आणि ओटीपीचे मेसेज परस्पर दुसरीकडे जातात. पैसे गेले असतील तर मी आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला लावतो, कारण जितक्या लवकर तक्रार तितकी पुढच्या खात्यात पैसे अडकायची शक्यता जास्त. बाकी चौकशा नंतर.

शिकायचं काय तर लाख-लाख रुपये घेऊन शंभर टक्के प्लेसमेंट सांगणाऱ्या एथिकल हॅकिंगच्या क्लासला माझ्या मते जाऊ नका. नेटवर्किंग पक्कं करा, लिनक्स घरच्या जुन्या लॅपटॉपवर टाका, वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं टूल) उघडून आपल्याच घरचं ट्रॅफिक वाचा. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं, ४६८८ म्हणजे नवीन प्रोसेस चालू झाली, असे दहा-वीस आकडे तोंडपाठ झाले पाहिजेत. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, ट्रायहॅकमी या सरावाच्या साइटवर फुकटातलंही बरंच आहे. सर्टिफिकेट नंतर, शक्यतो कंपनीच्या पैशाने.

बँकेची परीक्षा द्यायची तर तीही द्या, दोन्हीचा अभ्यास एका वर्षात होतो असं मी म्हणत नाही पण घरचे शांत राहतात. इंटरव्ह्यूत एक प्रश्न बहुतेक येतोच, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर मारलं की पान दिसेपर्यंत मध्ये काय काय होतं. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं) पासून टीएलएस (मधला संवाद कुलूपबंद करणं) पर्यंत सगळं. हे घरात कोणालातरी समोर बसवून, न अडखळता, आपल्या भाषेत सांगता यायला लागलं की अर्ज टाकायला सुरुवात करा.