‘डॉक्टर हू’मध्ये नवा डॉक्टर आला की चाहत्यांत दर वेळी दोन तट का पडतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की डेव्हिड टेनंट आणि मॅट स्मिथला बघून तुम्ही या मालिकेच्या प्रेमात पडलात, पण डॉक्टर झालेली पहिली नायिका जोडी व्हिटाकर काही केल्या मनात बसत नाही. मित्रांमध्ये तसं बोललं की लगेच तुम्हाला बुरसटलेले ठरवतात. ‘मग मी खरा चाहता नाही का?’ असं तुम्ही विचारलंय.

आहात. ज्याला काहीच सोयरसुतक नसतं तो नट बदलला म्हणून रात्री उशिरापर्यंत भांडत बसत नाही. पण तुमच्या गटात जे चाललंय त्यात दोन निरनिराळी भांडणं एकमेकांत मिसळली आहेत, आणि ती सुटी केल्याशिवाय तुम्हाला उत्तर मिळणार नाही.

ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका न बघणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा, काळातून फिरणारा प्रवासी. मरणाच्या दारात पोचला की त्याचा कायापालट होतो. चेहरा, वय, बोलण्याची ढब, स्वभाव, सगळं बदलतं. आठवणी तेवढ्या राहतात. आपल्याकडे गाजलेलं नाटक नव्या संचात येतं तेव्हाही लोक जुन्या नटाशी तुलना करतातच, पण तिथे संवाद तेच, प्रसंग तेच. इथे नव्या नटाने आधीच्यासारखं काही करायचंच नसतं. ज्या लकबींवर आपला जीव जडला त्या एका क्षणात जातात, आणि वर ‘हा तोच आहे’ हे आपण मान्य करायचं. १ जानेवारी २०१० च्या भागात टेनंटच्या डॉक्टरने ‘मला जायचं नाहीये’ असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आणि पुढच्याच मिनिटाला मॅट स्मिथ स्वतःचे हात, पाय, नाक चाचपत ओरडत होता. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. हा पोरगा कोण, याला डॉक्टरची खोली कशी यायची, असं तेव्हा कितीतरी जण म्हणत होते. आज तुम्ही ज्याला ‘आपला’ म्हणता, तोच हा.

आता थोडं मागे जाऊ या, कारण या भांडणाचं मूळ तिथे आहे. मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. (पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौला जन्मलेला आणि तेव्हा पंचविशीही न गाठलेला तरुण होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.) पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल. तीन वर्षांत त्याची तब्येत ढासळली, संवाद लक्षात राहीनात. मालिका तर बंद करायची नव्हती. म्हणून २९ ऑक्टोबर १९६६ ला डॉक्टर जमिनीवर कोसळला आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठला. असं होऊ शकतं याची तोवरच्या कथांत काडीचीही कल्पना दिलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात सुरू झालेली ‘द पॉवर ऑफ द डॅलेक्स’ ही कथा मला या सगळ्या प्रश्नाची किल्ली वाटते. डॉक्टरबरोबर तेव्हा बेन आणि पॉली असे दोघे सोबती असतात. पॉलीला वाटतं, हाच डॉक्टर. बेन मानायला तयार नाही. तो डॉक्टरची अंगठी नव्या माणसाच्या बोटात घालून बघतो, तर ती बसत नाही. नवा माणूसही गोंधळ वाढवतो. डॉक्टरबद्दल बोलताना ‘मी’ म्हणायचं सोडून तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसा ‘डॉक्टर’ म्हणतो, मध्येच बासरी काय वाजवतो. आणि मग एक डॅलेक, म्हणजे डॉक्टरचा हाडवैरी, त्याच्याकडे टक लावून बघतो. त्याने ओळखलेलं असतं! मित्राला पटत नाही, पण वैऱ्याला चेहऱ्याची गरज पडत नाही. लेखकांनी प्रेक्षकाच्या मनातली शंका लपवली नाही, बेनच्या तोंडी घातली. संशय घेणाऱ्याला त्यांनी कथेत जागा दिली. या कथेच्या सहाही भागांच्या चित्रफिती बीबीसीने जपल्या नाहीत. आवाजाचं ध्वनिमुद्रण मात्र उरलं, आणि त्यावरून २०१६ मध्ये ॲनिमेशन करण्यात आलं. ते जरूर बघा. त्या वेळीही डॉक्टरचा विदूषक केला अशी तक्रार काही प्रेक्षकांनी केली होती. पुढे ट्राउटन तीन वर्षं टिकला आणि मॅट स्मिथसारख्याने त्याच्यापासून प्रेरणा घेतली.

२०१४ मध्ये पीटर कपाल्डी आला तेव्हाही हेच केलं गेलं. स्मिथच्या जागी एकदम पन्नाशी ओलांडलेला, भुवया आक्रसून बघणारा माणूस. डॉक्टरची सोबतीण क्लारा त्याला स्वीकारू शकत नाही. भागाच्या शेवटी तिला फोन येतो, तो जुन्या डॉक्टरचा, मरणाआधी काही क्षण केलेला: नव्याला तुझी गरज आहे, त्याला सांभाळ. आणि समोर उभा असलेला कपाल्डी काकुळतीने सांगतो की तू माझ्याकडे बघतेस, पण मी तुला दिसतच नाही. ते बघताना स्मिथसाठी हळहळणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असेल की हे आपल्यालाच उद्देशून आहे.

पण नुसती जागा देऊन भागत नाही, नव्या डॉक्टरच्या हाती चांगली कथाही पडावी लागते. कॉलिन बेकरचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने तोवरच्या २०० कथांवर वाचकांचा कौल घेतला. पहिली आली पीटर डेव्हिसनच्या डॉक्टरची शेवटची कथा, ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’. दोनशेवी, म्हणजे सगळ्यांत शेवटची, आली ‘द ट्विन डिलेमा’, कॉलिन बेकरची पहिली. या दोन कथा १९८४ च्या मार्च महिन्यात एकीमागून एक दाखवल्या गेल्या! एका आठवड्यात डॉक्टर आपल्या सोबतिणीसाठी, पेरीसाठी, प्राण देतो. पुढच्या आठवड्यात नवा डॉक्टर त्याच पेरीचा गळा आवळतो. आधी तिरसट, मग हळूहळू उलगडत जाणारा डॉक्टर दाखवायचा, असा विचार त्यामागे होता. पण उलगडायला वेळच मिळाला नाही. वर त्याच्या अंगात तो डोळ्यांना त्रास देणारा रंगीबेरंगी कोट चढवला. बेकरला स्वतःला काळे कपडे हवे होते. १९८५ मध्ये मालिकेला दीड वर्षाची सक्तीची विश्रांती मिळाली आणि १९८६ मध्ये बेकरला काढून टाकलं.

त्या माणसाने त्या कोटाची, त्या गळा आवळण्याची, त्या सक्तीच्या विश्रांतीची किंमत भोगली, आणि यातला एकही निर्णय त्याचा नव्हता. १९९९ पासून बिग फिनिश कंपनीने डॉक्टरच्या श्राव्य कथा काढायला सुरुवात केली. त्यात कोट दिसत नाही, फक्त आवाज आणि चांगलं लेखन. तिथे तोच कॉलिन बेकर अनेकांचा लाडका झाला. ‘ज्युबिली’ ही त्याची कथा ऐका. तिचा लेखक रॉबर्ट शिअरमन याने पुढे २००५ च्या मालिकेसाठी ‘डॅलेक’ हा भाग लिहिला, तो याच कथेच्या बीजातून.

आता तुमच्या व्हिटाकरकडे येतो. तिचं नाव १६ जुलै २०१७ ला, विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत संपल्यावर जाहीर झालं. एक फ्रेम पाहण्याआधीच काहींनी मालिका संपल्याचं जाहीर केलं, कारण एवढंच की डॉक्टर बाई झाली. माझं यावर स्पष्ट मत आहे: हा आक्षेप टिकत नाही. ज्याचा अख्खा देह बदलतो, त्याचं लिंग मात्र बदलू शकत नाही असं का मानायचं? मालिकेचा एक जनक सिडनी न्यूमन याने १९८६ मध्येच डॉक्टरला स्त्री करा असं बीबीसीला लिहून सुचवलं होतं. डॉक्टरचा वैरी मास्टर २०१४ मध्ये मिसी होऊन आला, आणि मिशेल गोमेझच्या मिसीवर लोकांनी जीव ओवाळून टाकला.

पण दुसरं भांडण, लेखनाबद्दलचं, वेगळं आहे, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं तेच दिसतं. व्हिटाकरचा पहिला भाग ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ९ लाख प्रेक्षकांनी पाहिला. २००५ नंतर कुठल्याही नव्या डॉक्टरच्या सुरुवातीला एवढी गर्दी झाली नव्हती. म्हणजे लोक आले होते. मग तिला काय दिलं गेलं? पहिल्या हंगामात एकदम तीन सोबती, त्यामुळे प्रत्येक प्रसंगात वाक्यं वाटून द्यावी लागतात आणि डॉक्टरच्या वाट्याला येतं समजावून सांगणं. मार्च २०२० च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’मध्ये डॉक्टरच्या जन्माचं आजवरचं सगळ्यांत मोठं गुपित फुटतं. त्या वेळी ती काय करते? मास्टरच्या कैदेत अडकून ऐकत असते. तिच्या आयुष्याची गोष्ट दुसराच सांगतो. अशा प्रसंगात कुठली नटी चमकेल?

याचा उलट पुरावा त्याच हंगामात आहे. जानेवारी २०२० च्या ‘फ्युजिटिव्ह ऑफ द जडून’मध्ये रूथ नावाची एक साधी बाई दीपगृहातल्या धोक्याच्या घंटेची काच फोडते. बाहेर व्हिटाकर एक बेवारस थडगं उकरत असते, त्यात टार्डिस, म्हणजे डॉक्टरचं निळ्या पेटीसारखं कालयान, निघते, आणि कळतं की रूथ ही डॉक्टरचंच विसरलेलं एक रूप आहे. जो मार्टिन ही पहिली कृष्णवर्णीय डॉक्टर. त्या एका भागात कितीतरी चाहते तिच्या बाजूचे झाले, आणि त्यात व्हिटाकर न पटलेलेही होते. बाई नको असं त्यांचं म्हणणं असतं तर हे घडलं नसतं. म्हणून तुमच्या मित्रांनी तुम्हाला पहिल्या गटाबरोबर एका माळेत ओवणं चूक आहे. आणि तुम्हीही लेखनाचं खापर तिच्या डोक्यावर फोडू नका, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

व्हिटाकरनंतर डॉक्टर झालेल्या शूटी गाटवाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी तेच सांगेन. आठ-आठ भागांचे दोनच हंगाम त्याला मिळाले, त्यातही ‘७३ यार्ड्स’सारख्या भागात तो जेमतेम दिसतो. पण ‘डॉट अँड बबल’च्या शेवटी ती श्रीमंत गोरी पोरं केवळ त्याच्या वर्णामुळे त्याची मदत नाकारून मरणाकडे चालू लागतात, तेव्हा तो हसतो आणि त्या हसण्याचा आक्रोश होतो. एवढा एक प्रसंग मला त्याला डॉक्टर मानायला पुरेसा आहे.

तर व्हिटाकरला क्रमाने बघू नका. आधी ‘डेमन्स ऑफ द पंजाब’ बघा. ऑगस्ट १९४७, फाळणीची घटका, हिंदू प्रेम आणि मुस्लिम उमब्रीन यांचं लग्न डॉक्टर लावून देते, आणि काही वेळातच त्या नवऱ्याला मरणाच्या तोंडी सोडून तिला पाठ फिरवून चालावं लागतं, कारण उमब्रीन ही डॉक्टरच्या सोबतिणीची, याझची, आजी; त्याला वाचवलं तर याझ जन्मालाच येणार नाही. पाठीमागे गोळीचा आवाज होतो तेव्हा व्हिटाकरचा चेहरा बघा. त्या भागाच्या शेवटी नेहमीचं शीर्षकसंगीत आपल्याकडच्या गायकीत येतं, ते संपेपर्यंत उठू नका. मग ‘द हॉन्टिंग ऑफ व्हिला डिओडाटी’. कवी शेलीला मरू दिलं तर जग वाचेल असं सोबती सुचवतात, आणि ती पहिल्यांदाच त्यांच्यावर उसळते, सांगते की आपण सगळे सारखे नाही, अशा वेळी शिखरावर मी एकटीच असते आणि निवड मलाच करावी लागते. हा कागदावरही खरा डॉक्टर आहे आणि तिने तो तसाच वठवलाय.

हे दोन बघूनही नाही पटली, तर गटात बेलाशक सांगा. फक्त कुठल्या भागातलं काय खटकलं ते धरून बोला. आणि मलाही कळवा, मला खरंच वाचायला आवडेल.