थायरॉईडची गोळी चालू असताना चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतल्या तर चालतं का? त्या खरंच काम करतात का?

मी फार्मासिस्ट आहे, स्वतःचं मेडिकल आहे. हा प्रश्न काउंटरवर बहुतेक जण हलक्या आवाजात विचारतात, आणि तोवर गोळी बऱ्याचदा सुरूही केलेली असते.

ज्या गोळीमागे पक्का पुरावा आहे ती ऑर्लिस्टॅट. अमेरिकेत तिची 60 मिलिग्रॅमची कॅप्सूल 2007 पासून चिठ्ठीशिवाय मिळते, 120 ला तिथेही चिठ्ठी लागते. मी तर कुठलीच चिठ्ठीशिवाय देत नाही. ती भूक मारत नाही, अंगावरची चरबीही वितळवत नाही. तेल-तूप पचवणारं लायपेज नावाचं एन्झाइम ती आतड्यात अडवते. 120 च्या डोसला जेवणातली साधारण 30 टक्के चरबी न पचता बाहेर पडते. तर्रीदार मिसळ खाल्लीत तर संडासात पाण्यावर तेल तरंगताना दिसेल, वायू सरताना कपड्याला तेलकट डाग पडेल, कधी घाईची लागेल. आणि ज्यांचं वजन भात, साखर, बिस्किटांनी वाढलंय त्यांना हिचा उपयोग कमीच, कारण त्या कॅलरींना ती हात लावत नाही. आहार सांभाळून वर्षभर घेतली तर नुसत्या आहारापेक्षा दोन-तीन किलो जास्त उतरतात, एवढाच तिचा पल्ला. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शरीरात कमी शोषली जातात. यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणं क्वचित आहेत, पण आहेत.

मला खरी भीती वाटते ती ‘शंभर टक्के नैसर्गिक, महिन्यात दहा किलो’वाल्या डब्यांची. सिब्युट्रामिन नावाचं औषध भूक मारायचं. हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो म्हणून 2010 मध्ये ते अमेरिका-युरोपातून काढलं गेलं, 2011 मध्ये भारतात बंदी आली. तरी अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएला ते ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत वारंवार सापडलंय, लेबलवर नावही नसताना. त्यामुळे अशा गोळीने दोन दिवसांत भूक गेली, छातीत धडधडायला लागलं, झोप उडाली, तर गुण आला असं समजू नका. गोळी थांबवा आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. डबीवरचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर हा खाद्यपदार्थाचा परवाना असतो. औषध म्हणून ती कोणी तपासलेली नसते.

स्लिमिंग चहात बऱ्याचदा सोनामुखी असते. जुलाब होतात, काटा खाली येतो, पण जातं ते पाणी. सोबत पोटॅशियमही जातं. गार्सिनिया कोकमाच्याच कुळातलं, पण आमटीतलं आमसूल वेगळं आणि अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. त्यांनी वजन फारसं हलत नाही आणि यकृत बिघडल्याच्या नोंदी मात्र आहेत.

आता तुमचं. ऑर्लिस्टॅटमुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. डॉक्टरांनी दोन्ही दिल्याच, तर मध्ये किमान चार तास जाऊ द्या आणि टीएसएच (थायरॉईड नीट चालतंय का हे दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा कधी तपासायचं ते विचारून घ्या. शिवाय आधी आत्ताचं टीएसएच बघा. ते वाढलेलं असेल तर वजन थोडंफार त्यानेही वाढतं, आणि तसं असेल तर थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलायला लागेल.