वाचकांचे प्रश्न : क्रेन तर जमली, आता पुढे काय?

प्रश्न : व्हिडिओ बघून कागदाची क्रेन (करकोच्यासारखा पक्षी) शिकले, आता न बघताही येते. पुढे म्हणून ड्रॅगन करायला घेतला तर अर्ध्यातच कागदाचा बोळा होतो. ओरिगामीत, म्हणजे कागद दुमडायच्या या कलेत, खूप स्टाइल्स असतात म्हणे, मी कुठली धरू?

उत्तर : क्रेन न बघता येतेय म्हणजे तुमचा पाया पक्का आहे, आणि ड्रॅगन फसतोय त्यात तुमच्या हाताचा दोष नाही, मधल्या पायऱ्या राहून गेल्यात एवढंच. परत एकदा क्रेन करायला घ्या आणि मान-शेपटी बारीक करायच्या आधी थांबा. चार लांब टोकं असलेला जो आकार हातात दिसेल त्याला बर्ड बेस म्हणतात, बेस म्हणजे ज्यातून पुढे वेगवेगळी मॉडेल्स निघतात तो सुरुवातीचा आकार. ही चार टोकं म्हणजे तुमच्या चौकोनाचे चार कोपरे. याच बेसमधून शेपटी ओढली की पंख हलवणारा पक्षी होतो, तो आधी करा. मग फ्रॉग बेस शिका, त्यातून बेडूक निघतो आणि आयरिसचं फूलसुद्धा. मला विचाराल तर बेसेस हातात बसल्याशिवाय स्टाइल निवडायची घाई करूच नका.

ड्रॅगन अवघड का, तर त्याला पाय, पंख, शिंगं, शेपूट अशी खूप टोकं लागतात आणि प्रत्येक टोक आपल्या वाट्याचा कागद खातं. कोपऱ्यातून काढलेलं टोक साधारण पाव वर्तुळाएवढा कागद घेतं, कडेवरून काढलं तर अर्धं वर्तुळ आणि मधून काढलं तर पूर्ण वर्तुळ, आणि टोक जितकं लांब तितकं वर्तुळ मोठं. ही सगळी वर्तुळं एका चौकोनात एकमेकांवर न चढता बसवायची, हाच कॉम्प्लेक्स ओरिगामीचा खरा खेळ. रॉबर्ट लँग या अमेरिकन फिजिसिस्टने तर त्यासाठी ट्रीमेकर नावाचं सॉफ्टवेअरच लिहिलं, आपण हव्या त्या मॉडेलचं काड्यांचं चित्र द्यायचं आणि ते घड्यांचा नकाशा काढून देतं. म्हणून ड्रॅगनला, किड्यांना मोठा आणि पातळ कागद लागतो, 15 सेंटीमीटरच्या नेहमीच्या कागदात ते कोंबायला जाऊ नका.

आणि एक कळकळीचं सांगणं, व्हिडिओबरोबर आकृत्या वाचायलाही शिका. तुटक रेघ म्हणजे व्हॅली फोल्ड, घडी दरीसारखी आत जाते, आणि रेघ-टिंब-रेघ म्हणजे माउंटन फोल्ड, घडी डोंगरासारखी वर येते. ही खुणांची पद्धत जपानचे अकिरा योशिझावा (1911–2005) यांनी बसवली आणि ती जगभर चालते, त्यामुळे जपानी अक्षरसुद्धा येत नसलं तरी जपानी पुस्तकातलं मॉडेल करता येतं. व्हिडिओत आपण दुसऱ्याच्या हातामागे धावतो, आकृतीत मात्र पुढचं चित्र बघून आत्ताची घडी ओळखावी लागते आणि तिथेच खरं शिकणं होतं.

प्रश्न : सोनोबेचे, म्हणजे एकमेकांत अडकवायचे सारखे घडीचे, 30 तुकडे करून बॉल जोडतोय. काही तुकडे एकमेकांत शिरतच नाहीत आणि जे शिरतात त्यांचा बॉल वाकडा होतो. डिंक लावू का?

उत्तर : डिंक जरा बाजूला ठेवा. जे शिरत नाहीत ते बहुतेक उलट्या हाताचे झालेत. सोनोबेचा तुकडा डावा किंवा उजवा होऊ शकतो, पहिला कोपरा कुठल्या बाजूला दुमडला त्यावर ते ठरतं आणि दोन्ही मिसळले की एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खिशात बसत नाही. सगळे तुकडे टेबलावर एकाच दिशेने मांडा, आरशातल्यासारखे उलटे असतील ते लगेच दिसतील, ते उलगडून परत घाला.

बॉल वाकडा होतोय त्याचं कारण मोजणीत सापडेल. तीन तुकडे मिळून एक पिरॅमिड होतो आणि 30 च्या बॉलमध्ये प्रत्येक खोलगट बिंदूभोवती असे पाचच पिरॅमिड यायला हवेत, एखाद्या ठिकाणी चार किंवा सहा झाले की पुढचं सगळं बिनसतं. बिंदूभोवती चार घेतले तर 12 तुकड्यांत बंद होणारा छोटा तारा होतो, आणि तीन घेतले तर 6 तुकड्यांचा क्यूब, तर आधी हे दोन करून बघा म्हणजे हिशोब बोटांना कळेल. शेवटचे दोन-तीन तुकडे कायमच त्रास देतात, तिथे चिमटा वापरा, जोर लावू नका.

बाय द वे, तीच तीच घडी घालत बसायचा तुम्हाला कंटाळा येत नसेल तर टेसेलेशन नक्की बघा. एकाच कागदावर आधी 16 किंवा 32 भागांची जाळी पाडायची आणि मग त्यात छोटे छोटे पीळ घालत जायचे. झालेला कागद उजेडासमोर धरला की आतले थर गडद-फिकट दिसतात, फार देखणं दिसतं ते.

प्रश्न : कात्री लावली तर ते ओरिगामी राहतं का? मित्र म्हणतो चीटिंग आहे.

उत्तर : मित्राला सांगा की 1797 साली जपानमध्ये ओरिगामीवरचं एक पुस्तक छापलं गेलं, या छंदाच्या सगळ्यात जुन्या पुस्तकांत ते धरतात, आणि त्यात एकाच कागदाला चिरा देऊन एकमेकींना जोडलेल्या क्रेन्स केल्यात. न कापता एकच चौकोन हा नियम आज बरेच जण पाळतात आणि त्यात मजा आहेच, पण नियम आपण स्वतःसाठी ठेवायचा, दुसऱ्याच्या कामाला लावायचा नाही.

प्रश्न : वेट फोल्डिंगचे प्राणी बघून वेडी झालेय. पण कागद ओला केला की फाटतो.

उत्तर : वेट म्हणजे भिजवणं नाही, फक्त दमट करणं. पिळून घेतलेलं फडकं कागदावरून दोन्ही बाजूंनी फिरवायचं, कागद मऊ पडला पाहिजे पण त्याच्यावर पाणी चकाकता कामा नये. चकाकलं तर थोडा वेळ थांबा. कागदही जाड हवा, 100 जीएसएमच्या वरचा ड्रॉइंग किंवा वॉटरकलर पेपर घ्या. अशा कागदात बनवतानाच साइझिंग म्हणजे एक प्रकारची खळ घातलेली असते, ती ओलाव्याने सैल होते आणि वाळली की परत कडक होते, त्यामुळे वळवलेला आकार तसाच राहतो. ही पद्धतसुद्धा योशिझावांचीच, त्यांच्या प्राण्यांच्या पाठी गोल आणि जिवंत वाटतात त्या यामुळेच.

नखाने कडक घडी पाडायची सवय मात्र इथे सोडा, कागद फाटतो तो तिथेच. बोटाच्या पेराने हलकेच वळवा, हवा तो बाक आला की चिमटे लावून पूर्ण वाळू द्या. सुरुवात सोप्या मॉडेलने करा, ज्यात एका जागी फार थर येत नाहीत.

प्रश्न : आईचे हात थरथरतात, तरी तिला काहीतरी करायचंय. जमेल असं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि मुद्दाम अशांचाही विचार करून केलेलं आहे. 1970 च्या दशकात जॉन स्मिथ या ब्रिटिश ओरिगामीकाराने प्युअरलँड ही स्टाइल मांडली. त्यात एका वेळी एकच घडी, तीही साधी माउंटन किंवा व्हॅली, कुठे दुमडायचं तेही सहज दिसणारं. आत ढकलायच्या, उलटवायच्या घड्या त्यात नाहीतच. आईंना 20-25 सेंटीमीटरचा मोठा कागद द्या, दोन बाजूंना वेगळे रंग असलेला, म्हणजे कडा चटकन दिसतील. कागद हातात धरू नका म्हणावं, टेबलावर ठेवूनच दुमडायचा, आणि घडी दाबायला बोटाऐवजी स्केलची कड वापरायची. घड्या तुम्ही आधी पाडून ठेवू नका, त्या त्यांच्या त्यांनाच पाडू द्या.