पापणी न लववणारी नायिका

प्रश्न : यंदाच्या पावसाळ्यात आम्ही काही मित्रांनी 'लेडी स्नोब्लड' (१९७३) हा जपानी चित्रपट पाहिला. त्याच्या नायिका मेइको काजी यांचे जगभर निष्ठावान चाहते आहेत, असे समजले. सूडकथा आपल्याकडेही काही कमी नाहीत. मग यांच्यातच असे काय आहे? की हे सारे 'किल बिल'चे देणे?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : 'किल बिल'ने काजी यांचे नाव दूरवर नेले, हे खरे. अमेरिकी दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो यांनी २००३ आणि २००४ मधल्या त्या दोन भागांत त्यांची दोन गाणी वापरली. पण चाहते ज्या गोष्टीवर जीव टाकतात, ती त्याआधी तीस वर्षे घडून गेली होती.

१९६५ मध्ये काजी निक्कात्सू या चित्रपट कंपनीत आल्या, तेव्हा त्या मासाको ओता या मूळ नावाने काम करत. १९७१ मध्ये कंपनीने शृंगारिक चित्रपटांकडे मोर्चा वळवला, तेव्हा त्यांनी तोएई कंपनीची वाट धरली आणि पुढच्याच वर्षी दिग्दर्शक शुन्या इतो यांच्या पहिल्या चित्रपटात त्यांना मात्सू या कैदी स्त्रीची भूमिका मिळाली, जिला सगळे 'सासोरी', म्हणजे विंचू, म्हणतात. हा चित्रपट ज्या जपानी चित्रकथेवर (कॉमिकवर) बेतला, तिच्यातली मात्सू शिवराळ आहे. ही बाई जवळजवळ बोलणारच नाही, असा आग्रह काजी यांनी धरला. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कीर्तीचे मूळ या एका आग्रहात आहे.

पिंगुळी तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या आपण पाहिल्या असतील, तर हे सहज पटेल : लाकडी चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नाही, पण मान तसूभर कलली की तिचे दुःख दिसू लागते, कारण ते आपणच त्या चेहऱ्यात भरत असतो. काळ्या रुंद टोपीच्या कडेखालून मात्सू पापणी न लववता वर पाहते, तेव्हा नेमके हेच होते. मात्सूच्या या चित्रपटमालिकेतल्या 'उरामी बुशी' या गाण्यातल्या 'उरामी'ला आपला 'डूख' हा शब्द चपखल बसतो, आणि तो डूखही त्या आवाज न चढवता गातात.

मालिकेतल्या चौथ्या चित्रपटानंतर त्यांनी ही भूमिका सोडली. पुढे दूरचित्रवाणीवर 'ओनिहेई हांकाचो' मालिकेत १९८९ पासून २०१६ पर्यंत त्यांनी ओमासा ही व्यक्तिरेखा साकारली.

आपण मात्र यासुझो मासुमुरा यांचा 'सोनेझाकी शिंजू' (१९७८) आधी मिळवून पाहावा. तो जपानी नाटककार चिकामात्सू यांच्या १७०३ मधल्या बाहुलीनाट्यावर बेतलेला असून, त्यातल्या ओहात्सू या गणिकेच्या भूमिकेसाठी काजी यांना अनेक मानाचे पुरस्कार मिळाले. इथे त्या भरभरून बोलतात. जपानी बाहुलीनाट्यात स्त्री-बाहुलीला एरवी पाय नसतात. ओहात्सूला मात्र एका प्रसंगापुरते पाऊल देतात, कारण ओसरीखाली लपलेला प्रियकर ते पाऊल आपल्या गळ्यावरून फिरवतो आणि तिच्यासोबत मरायला तयार असल्याचे एक शब्दही न बोलता सांगतो.