घरी लिनक्सवर स्वस्तातला म्युझिक सर्व्हर करायचाय. रास्पबेरी पाय घेऊ की जुना लॅपटॉप चालेल?

घरात पडून असलेला लॅपटॉप घ्या. आमच्याकडे औसा तालुक्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. रास्पबेरी पाय हा छोटा सुटा कॉम्प्युटर, त्याला नसते. त्याच्या मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना लाइट गेली की कार्ड खराब होऊ शकतं. आमच्या पुतण्याचं दोनदा झालं. बॅटरी वीसच मिनिटं टिकत असली तरी हरकत नाही, पण फुगलेली नको. तशी असेल तर काढून टाका आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्या. राउटरही इन्व्हर्टरवरच ठेवा, नाहीतर सर्व्हर चालू आणि गाणी बंद.

माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभ्या रेघा होत्या, 4 जीबी रॅम. 240 जीबीची एसएसडी, लॅनची वायर आणि एक यूएसबी साउंड कार्ड, सगळं दोन हजारांच्या आत बसलं. डेबियन हे लिनक्स टाकलं, डेस्कटॉपशिवाय, म्हणजे नुसत्या कमांडवर चालणारं. मशीन 32 बिटचं असेल तर डेबियन 12 घ्या, 13 चा इन्स्टॉलर त्यावर चालत नाही. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, म्हणून लॉगिंडच्या सेटिंगच्या फाइलमध्ये (logind.conf) 'हँडललिडस्विच' ला 'इग्नोर' करा (HandleLidSwitch=ignore). माझे दोन दिवस यातच गेले. पुढे नॅव्हिड्रोम, हा गाणी पुरवणारा सर्व्हर प्रोग्रॅम, ते हलकं आहे, ब्राउझरमध्ये 4533 पोर्टवर (लॅपटॉपच्या पत्त्यापुढे :4533) उघडतं, आणि मोबाइलवर सबसॉनिक या दुसऱ्या म्युझिक सर्व्हरला चालणारं कुठलंही ॲप घ्या, ते यालाही चालतं. चोवीस तास पंधरा वॅट धरले तर महिन्याला साधारण 11 युनिट.

आमचं घर माळवदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचं. भिंती हातभर जाड, पलीकडच्या खोलीत वायफाय पोचतच नाही, म्हणून वायर टाकली. पण उन्हाळ्यात लॅपटॉपला अशी जाड भिंतींची खोलीच बरी. पत्र्याखाली ठेवू नका, आणि पंख्यातली धूळ काढत जा.

खरा वेळ खाल्ला तो कॅसेटींनी. दादा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, त्यांच्या अकरा कॅसेटी होत्या. स्वस्त साउंड कार्डाला आवाज आत घ्यायला माइकचीच पिन असते, तीही मोनो, म्हणजे एकाच चॅनलची; घरच्या टेपवर भरलेल्या भजनाला तेवढं पुरतं. टेपच्या हेडफोनच्या पिनेतून वायर घ्या आणि आवाज अगदी कमी ठेवा, नाहीतर पखवाजाच्या थापेला सगळं फाटतं. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमात रेकॉर्ड केलं. एका तासाची मोनो वेव्ह फाइल सुमारे 318 एमबीची होते, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) केली की बरीच उतरते. कॅसेटीची सळसळ काढायचा मोह होतो. पहिल्या दोन कॅसेटींत मी ती इतकी काढली की टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे यायला लागले. त्या पुन्हा भरल्या. आता सळसळ राहू देतो.

टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाणं-गायक-अल्बमची नावं, मात्र आधी भरा, मग फाइल सर्व्हरवर टाका. नॅव्हिड्रोम फाइलच्या नावापेक्षा टॅगकडे बघतं. नेट कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणलेल्या जुन्या एमपीथ्रींमध्ये कलाकाराच्या जागी वेबसाइटचंच नाव असतं, मग चाळीस गायकांचा एकच गायक होतो. किड थ्री नावाच्या प्रोग्रॅमात देवनागरीत भरा, शोधही देवनागरीतच लागतो. दादांच्या कॅसेटींना मी अल्बम म्हणून गाव आणि साल लिहिलं. साल आईने सांगितलं, दोन ठिकाणी तिचं आणि काकांचं जमलं नाही, तिथे रकाना रिकामाच ठेवलाय.