वाचकांचे प्रश्न : उंच बारीक पोरगं अन् अचानक छातीत कळ

प्रश्न : नमस्कार डॉक्टरसाहेब, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कास्तकार. माझा भाचा १९ वर्षांचा आहे, सहा फुटाच्या वर उंच अन् अंगानं एकदम बारीक. लग्नसराईत बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवते, बाकी टाइम वावरात फवारणीले जाते. दिवाळीच्या आधी भरला पंप पाठीवर घेतला अन् डाव्या बाजूनं एकदम कळ आली, दम लागून राहिला. गावात गॅसचं इंजेक्शन देलं, फरक नाही, मंग जिल्ह्याच्या दवाखान्यात एक्सरे काढला तं फुप्फुसाबाहेर हवा साचली म्हणे. छातीत नळी टाकली, बाटलीत बुडबुडे येऊन राह्यले ते पाहून माझी बहीण तं रडतच बसली. तिथल्या मॅडमनं त्याची बोटं पाहिली अन् म्हणाल्या मार्फन सिंड्रोम असू शकते. गावातले लोक म्हणतात टीबीच आहे, घरचे लपवून राह्यले. हे परत होईल का, बँड वाजवू द्यावं का? भाऊजी म्हणजे त्याचा बाप ३९ व्या वर्षी वावरातच छातीत दुखून गेले, तेही असेच उंच होते. लहानी भाची १५ ची आहे.

उत्तर : भाऊ, पहिले टीबीचं बोलू, कारण त्या एका शब्दापायी पोराची सोयरीक अडते. टीबीमुळेही फुप्फुस असं फुटू शकतं, म्हणून थुंकीची तपासणी करायलाच पाहिजे, पण ती निगेटिव्ह आली आणि एक्सरेत, सीटीत टीबीचा काही डाग नसला की तो विषय संपला. मार्फन लागत नाही, ताट-गिलास वेगळा करायचं काही कारण नाही. तो जन्मापासून रक्तातून आलेला असतो.

आपल्या शरीरात फायब्रिलिन नावाचं प्रोटीन असतं, त्याचे बारीक धागे फुप्फुसात, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीच्या म्हणजे महाधमनीच्या भिंतीत, डोळ्याच्या भिंगाच्या दोऱ्यांत, सगळीकडे असतात. ते बनवणारं जनुक बिघडलं की धागे कच्चे निघतात. (१८९६ मध्ये पॅरिसचे मुलांचे डॉक्टर आन्त्वान मार्फन यांनी अशा लांब हातापायांबद्दल लिहिलं म्हणून हे नाव, जनुक सापडलं ते १९९१ मध्ये.) साधारण ५००० माणसांत एकाला हे असतं, म्हणजे आपल्या दीड लाखाच्या तालुक्यात तीसेक जण तरी निघतील, पण कोणी बोटं पाहतच नाही! त्या मॅडमनं पाहिली, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. तुम्हीही घरी पाहा, अंगठा आत घालून मूठ मिटली की अंगठ्याचं पूर्ण नख करंगळीच्या बाजूनं बाहेर येतं का, आणि एका हाताचं मनगट दुसऱ्या हाताच्या अंगठा-करंगळीनं धरलं तर करंगळीचं नख अंगठ्याखाली पूर्ण जातं का. एवढ्यावरून निदान होत नाही बरं का, पण दोन्ही होत असेल तर डॉक्टरला दाखवायलाच हवं.

फुप्फुसाच्या वरच्या टोकाला या पोरांमध्ये हवेचे छोटे फुगे तयार होतात, सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी फुगा येतो तसे. तो फुटला की हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि फुप्फुस दबून बसतं. बाटलीतले बुडबुडे म्हणजे तीच हवा बाहेर येत होती, ते चांगलंच होतं, हे बहिणीला सांगा. आणि पंप उचलला म्हणूनच झालं असं धरून कोणी स्वतःला दोष देऊ नका, कित्येकांना हे खाटेवर बसल्या बसल्या होतं.

परत होऊ शकतं. साध्या निरोगी पोरालासुद्धा पहिल्यांदा झाल्यावर जवळपास तिघांत एकाला परत होतं, मार्फनमध्ये धोका त्याहून जास्त, कधी दुसऱ्या बाजूलाही. म्हणून छातीचा सीटी स्कॅन करून सर्जनला विचारा. दुर्बिणीनं फुगे कापून फुप्फुस छातीच्या आतल्या भिंतीला चिकटवून टाकायचं ऑपरेशन असतं, आणि मार्फनवाल्यात मी तरी ते लवकर करावं अशाच मताचा आहे.

ट्रम्पेट बंद. वाईट वाटतं लिहायला, हातात कला आहे पोराच्या, पण जोर लावून फुंकताना छातीत फार प्रेशर तयार होतं. बँड मालकाला सांगून गाडीवरच्या कॅसिओवर (कीबोर्डवर) बसवा. १६ लिटरचा भरला पंप, कापसाचे बोद, सिमेंटची बोरी, हेही नाही, कारण त्यानं बीपी चढून महाधमनीवर ताण येतो. बिडी-सिगरेट तर अजिबातच नाही, आणि खर्राही सोडवा. पोलीस भरतीची तयारी करत असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारा. पायी चालणं, हळू सायकल चालते.

आता भाऊ, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त खुपली. भाऊजी कशानं गेले ते आता सांगता येत नाही, पण उंच माणूस, ३९ वय, छातीत दुखून अचानक, आणि पोराला हे असं, तर महाधमनी फाटली असेल अशी शंका घ्यायलाच पाहिजे. फुप्फुसावर लोकांचं लक्ष जातं कारण दम दिसतो, महाधमनी मात्र काही न सांगता रुंद होत राहते. आई-बापापैकी एकाला मार्फन असेल तर प्रत्येक लेकराला यायची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. म्हणून भाच्याचा आणि भाचीचा, तिला काही त्रास नसला तरी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, भाऊजींचे भाऊ-बहीण असतील तर त्यांचाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरला मेडिकल कॉलेज, सुपर स्पेशालिटी दवाखान्यात दाखवा, डोळेही तपासून घ्या. मार्फन ठरला तर इको साधारण दरवर्षी. महाधमनी रुंद व्हायचा वेग कमी करायच्या गोळ्या मिळतात, त्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि दम्याचा पंप घेत असेल तर आधीच सांगायचं, काही गोळ्या दम्याला चालत नाहीत. भाचीला पुढं मार्फन निघाला तर दिवस जायच्या आधी इको झालाच पाहिजे.

अजून एक, खोकल्या-तापाला लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडं सर्रास देतात. मार्फनवाल्यांना दुसरा पर्याय असताना या गोळ्या देऊ नये असं अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ मध्येच बजावलं आहे. चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरला आठवण करून द्या.

परत कधी अचानक छातीत, पाठीत कळ आली तर गॅस म्हणून थांबायचं नाही, तेल लावून चोळत बसायचं नाही, सरळ १०८. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य, "याला मार्फन असू शकतो, फुप्फुस आधी फुटलेलं आहे." एक्सरेत फुप्फुस नीट दिसलं तरी घरी यायचं नाही, महाधमनीचा सीटी करायचा का ते विचारायचं. जुना एक्सरे आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो त्याच्या आणि त्याच्या आईच्या मोबाइलमध्ये ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलीला मार्फन आहे, वय १३, छाती मधात दबलेली अन् पाठ वाकडी. पायऱ्या चढली की दम लागते, रात्री घोरते. शेजारच्या ताई म्हणतात रोज फुगे फुगवू द्या, फुप्फुस मोठं होईल. करू का? (एक आई, गोंदिया जिल्हा)

उत्तर : ताई, फुगे नको, कारण वरच ट्रम्पेटचं लिहिलं तेच. दबलेली छाती आणि वाकडी पाठ यामुळं फुप्फुसाला पसरायला जागा कमी पडते, ती फुगे फुगवून वाढत नाही. फुंकायची मशीनवरची टेस्ट छातीच्या डॉक्टरच्या सल्ल्यानं करा आणि तिथं मार्फन आहे हे सांगा, कारण पाय लांब असल्यानं उभ्या उंचीवरून काढलेला आकडा उगाच कमी दिसू शकतो, अशा पोरींची बसून उंची मोजलेली बरी. पाठ हाडाच्या डॉक्टरला आत्ताच दाखवा, वाढीच्या या वर्षांत ती भराभर वाकते. घोरण्याचंही मनावर घ्या, मार्फनमध्ये झोपेत श्वास अडकायचा त्रास जास्त दिसतो. रात्री ती घोरता घोरता मधात थांबते का आणि दचकून उठते का ते पाहा, मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरला दाखवला तर त्यांना लवकर समजेल. आणि पायऱ्यांच्या दमाला नुसती छातीच कारण असेल असं धरू नका, शेवटचा इको होऊन वर्ष झालं असेल तर तो आधी करून घ्या.