पैसे टाकायचेत, पण काढायचे कसे?

या वेळच्या मेल्समध्ये ‘कुठे टाकू’ हे सगळ्यांनी विचारलंय आणि ‘मधेच काढायची वेळ आली तर’ हे जवळजवळ कोणीच विचारलं नाहीये. एसटीत चढताना सुद्धा आपण उतरायचा स्टॉप सांगून तिकीट काढतो. म्हणून या खेपेला उत्तरं देताना मी सगळीकडे तेच धरून बसलेय, कंटाळा आला तर कळवा. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, ५८ व्या वर्षी मे महिन्यात रिटायर झाले. ग्रॅच्युइटी, फंड, रजेचे पैसे असे मिळून ४० लाख आलेत, पेन्शन सुरू आहे. आमच्या इथली पतसंस्था १० टक्के देतेय, चेअरमन यांचे मित्र आहेत, घरी चहाला येऊन गेले. मुलगा म्हणतो ॲपवर ११.५ टक्क्यांचे बाँड आहेत ते घे. आणि बँकेत पैसे जमा झाल्यापासून तिथला एक मुलगा रोज फोन करून इन्शुरन्सचा कसला तरी प्लॅन सांगतो. डोकं चालेनासं झालंय.

उत्तर: मॅडम, आधी पतसंस्था, कारण चहा पिऊन गेलेल्या माणसाला नाही म्हणणं सगळ्यात अवघड. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा (आरबीआयच्या ठेव विमा महामंडळाचा) ५ लाखांपर्यंत विमा असतो, माणशी, बँकेमागे, मुद्दल आणि व्याज धरून. सहकारी बँकेलाही असतो. पतसंस्थेला नसतो. बोर्डावर ‘सहकारी’ लिहिलेलं असलं की लोकांना दोन्ही एकच वाटतं, आणि चेअरमनही हा फरक आपणहून सांगत नाहीत. आता विमा असलेल्या बँकांचं काय झालं ते बघा. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि लायसन्स रद्द व्हायला २०२२ उजाडलं, तेवढी वर्षं पासबुकावर आकडा होता पण हातात नव्हता. (२०२१ च्या कायदाबदलानंतर विम्याचे ५ लाख ९० दिवसांत द्यावे लागतात, ही त्यातली बरी गोष्ट.) पतसंस्था अडचणीत आली तर ही सोय पण नाही, तिथे वसुली होईल तसे पैसे. सगळ्याच पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाहीये, पण तुमची आयुष्यभराची पुंजी तिथे नको. संबंध राखायला पाच-दहा हजारांचं आवर्तक खातं काढा आणि विषय संपवा.

तुमच्यासाठी पहिली गोष्ट सिनिअर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम, पोस्टात किंवा मोठ्या बँकेत. तुम्ही म्हणाल मी अजून साठची नाही. पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांना त्यात येता येतं, अट अशी की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त टाकायचे नाहीत. तेव्हा हे वाचून झाल्यावर आधी पैसे जमा झाल्याची तारीख बघा, ती खिडकी गेली की साठीपर्यंत थांबावं लागेल. ऑफिसकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला लागेल, तो घेऊन ठेवा. कमाल मर्यादा ३० लाख. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के ठेवलेला आहे, सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं पण तुम्ही खातं उघडाल त्या दिवशीचा दर तुम्हाला पाचही वर्षं. ३० लाखांवर ८.२ नी तिमाहीला ६१,५०० रुपये होतात. व्याजावर टॅक्स लागतो, पेन्शनमध्ये मिळवून हिशोब करा. आणि काढायचे झाले तर? पहिल्या वर्षात मोडलं तर दिलेलं व्याज परत कापतात, एक ते दोन वर्षांत मुद्दलातून दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का. म्हणजे दार बंद नाहीये, थोडं तिकीट आहे इतकंच.

राहिले १० लाख. त्यातले ५-६ लाख साध्या एफडीत, एकच मोठी करू नका, दोन-तीन तुकडे करा म्हणजे दवाखान्यासाठी एक मोडली तरी बाकीच्या चालू राहतात. उरलेले आरबीआयच्या फ्लोटिंग रेट बाँडमध्ये टाकता येतील, एनएससीच्या (पोस्टातल्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या) दरापेक्षा ०.३५ टक्के जास्त मिळतं, व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला. पण हे सात वर्षांचे आहेत, बाजारात विकता येत नाहीत, मधे काढायची सवलत साठीच्या पुढच्यांनाच आणि तीही, सत्तरीच्या आत असाल तर, सहा वर्षांनंतर. तेव्हा जे पैसे खरंच विसरता येतील तेवढेच.

मुलाचे ११.५ वाले बाँड. सरकारला दहा वर्षांसाठी साधारण साडेसहा-सातला पैसे मिळतात, मग एखादी कंपनी साडेअकरा देते ती हौस म्हणून देत नाही, तिला स्वस्तात कोणी देत नाही म्हणून देते. रेटिंग बघायचंच, पण तेवढ्यावर झोपायचं नाही. डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीच्या एनसीडीला, म्हणजे अशाच बाँडना, ट्रिपल ए हे सगळ्यात वरचं रेटिंग होतं, जून २०१९ मध्ये पैसे थकले, मधे गेले ते काही महिने फक्त. साध्या घरांतल्या लोकांनी घेतले होते ते, एफडीसारखंच आहे असं ऐकून. मुलाला एक काम सांगा, तोच बाँड एनएसई किंवा बीएसईवर शोध आणि गेल्या आठवड्यात किती खरेदी-विक्री झाली ते बघ. बऱ्याच बाँडना शून्य दिसेल. ॲपवर घ्यायचं बटण मोठं असतं, विकायला गेलं की समोर गिऱ्हाईक नाही.

इन्शुरन्सवाल्या मुलाला विचारा ‘पाच वर्षांनी बंद केलं तर किती परत मिळतील, ते मेलवर लिहून पाठव’. फोन बंद होतील. आणि कोणी आधीच सही करून बसलं असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस ती परत करता येते.

प्रश्न: मी वाकडला राहतो, वय ३३, आयटीत. सध्या १४ फंडांत मिळून महिना ३०,००० ची एसआयपी आहे. आता एक एनएफओ (नवीन फंड) आलाय, एनएव्ही (एका युनिटची किंमत) १० रुपये, स्वस्तात युनिट्स मिळतील म्हणून घ्यावा का? शिवाय मित्र म्हणतो फंड सोड, थेट शेअर घे.

उत्तर: १० रुपये हे स्वस्त नसतं हो. १० ची एनएव्ही आणि ५०० ची एनएव्ही, दोन्हीतले शेअर १० टक्के वाढले तर तुझे पैसे १० टक्केच वाढणार. जास्त युनिट्स मिळाले म्हणजे जास्त पैसे मिळाले असं नाही. नवीन फंडाचा इतिहास नसतो, तुलना करायला काही नसतं, म्हणून मी तरी थांबेन.

आता ते १४. तू यादी पाठवलीस त्यात चार लार्ज कॅप आहेत. सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, तिच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे लार्ज कॅप फंडाला निदान ८० टक्के पैसे पहिल्या १०० कंपन्यांत ठेवावे लागतात, म्हणजे चारही मॅनेजर त्याच बाजारातून भाजी घेतायत, एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय चौघांकडे असणारच. त्या चारांच्या जागी एक निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (निर्देशांकातल्या कंपन्या जशाच्या तशा घेणारा), डायरेक्ट प्लॅन म्हणजे मधे एजंट नाही, खर्च कमी, बास. एक फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या कुठल्याही कंपन्या घेणारा) ठेव, एक मिडकॅप (मधल्या आकाराच्या कंपन्यांचा) वाटला तर. तुझे निम्मे फंड रेग्युलर, म्हणजे एजंटमार्फतच्या प्लॅनमध्ये आहेत, त्यात दरवर्षी कमिशन जातं आणि ते स्टेटमेंटवर वेगळं कापलेलं दिसत नाही, एनएव्हीतच मुरतं. सल्लागार खरंच सल्ला देत असेल तर द्यावं, पण तू म्हणतोस की तो २०२१ नंतर भेटलेला नाही.

पण बंद करताना घाई नको. एसआयपी थांबवणं वेगळं आणि युनिट्स विकणं वेगळं, लोक दोन्ही एकदम करतात. आधी एसआयपी थांबव. मग विकायचं ते टप्प्याने, कारण वर्षभराच्या पुढच्या नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स आहे पण एका आर्थिक वर्षात पहिले १.२५ लाख माफ. वर्षाच्या आत विकलंस तर २० टक्के, वर बऱ्याच फंडात एक टक्का एक्झिट लोड (लवकर काढल्याची कपात). आणि एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतंत्र धरतात, फंड तीन वर्षं जुना असला तरी गेल्या महिन्याचा हप्ता एकच महिना जुना. तेव्हा थोडं मार्चमध्ये, थोडं एप्रिलमध्ये काढलंस तर दोन वर्षांची सूट वापरता येते.

स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांचे) तीन आहेत त्यांच्याबद्दल एक गोष्ट बघ. मार्च २०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप फंडांना स्ट्रेस टेस्ट जाहीर करावी लागते, ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या साईटवर असते. पोर्टफोलिओचा पाव हिस्सा आणि अर्धा हिस्सा विकायला किती दिवस लागतील ते त्यात दिलेलं असतं. तुझ्या तिघांचे आकडे शेजारी शेजारी मांड आणि ज्याचा सगळ्यात जास्त तो आधी काढ. परताव्याची यादी सगळे बघतात, ही कोणी उघडत नाही.

थेट शेअर घ्यायचे तर हौसेपुरते, एकूण पैशाच्या ५-१० टक्के. आणि घ्यायच्या आधी एका कागदावर लिही की काय झालं तर मी हा विकेन. ते लिहिता आलं नाही तर तो शेअर मित्राचा आहे, तुझा नाही.

प्रश्न: लातूरहून लिहितोय, वय २३. ऑप्शनमध्ये महिन्याला ४ टक्के फिक्स काढता येतील अशी स्ट्रॅटेजी सांगा, कोर्स करायची पण तयारी आहे.

उत्तर: सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ अशा तीन वर्षांचा हिशोब काढला, फ्युचर्स-ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीच्या वर लोकांचा. त्यातले ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा खर्च धरून माणशी २ लाखांच्या आसपास. ४ टक्के फिक्स जमत असतं तर कोर्स विकायची गरज कोणाला पडली असती? फी वाचव.

प्रश्न: मी फोंड्याहून लिहितेय. मिस्टरांना व्हॉट्सॲपवर एका शेअरच्या ग्रुपमध्ये कोणीतरी ॲड केलं. त्यांच्या ॲपवर २ लाख टाकले त्याचे आता ८ लाख दिसतायत. काढायला गेलो तर म्हणतात आधी १ लाख २० हजार टॅक्स भरा मग सोडू. भरू का? मिस्टर म्हणतात एवढे आलेत तर भरून टाकू.

उत्तर: वहिनी, एक रुपया पण भरू नका. भारतात राहणाऱ्या माणसाला शेअरच्या नफ्यावरचा टॅक्स ॲपला आधी भरायचा नसतोच, तो आपण सरकारकडे भरतो, रिटर्नमध्ये. पैसे सोडवायला आणखी पैसे मागणं ही फसवणूकच. ते ८ लाख स्क्रीनवरचं चित्र आहे.

मिस्टरांना पटत नसेल तर भांडू नका, त्यांना एक दाखवा. शेअर खरंच घेतलेले असतील तर ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या सगळ्यांचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे त्यांच्या पॅनवर जमा असतात आणि त्याचं स्टेटमेंट थेट तिथून मेलवर येतं, ब्रोकरकडून नाही. ते उघडायला सांगा. तिथे काही नसेल तर शेअर नाहीतच. आणि आजच्या आज १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, उद्यावर ढकलू नका, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच काही हाताला लागतं. ट्रान्सफरचे यूटीआर नंबर (बँकेच्या मेसेजमध्ये असतो तो व्यवहार क्रमांक), ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव, ग्रुपचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मिस्टरांना ग्रुप सोडायला लावायच्या आधी.

पुढच्यासाठी सांगते, ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरना आणि म्युच्युअल फंडांना ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेला यूपीआय आयडी ठेवावा लागतो. ब्रोकर म्हणवणारा कोणा माणसाच्या किंवा कुठल्या ट्रेडर्सच्या नावच्या खात्यात पैसे मागत असेल तर तिथेच थांबायचं.

प्रश्न: डोंबिवलीचं घर आवरताना वडिलांच्या ट्रंकेत शेअर सर्टिफिकेट्स सापडली, १९९० च्या आसपासची, पाच-सहा कंपन्यांची. वडील २०११ ला गेले. आई आहे, आम्ही दोघं भाऊ. एक एजंट म्हणतो ३० टक्के द्या, सगळं करून देतो. विकता येतील का?

उत्तर: येतील, पण अजून विकण्यापासून लांब आहात. कागदी शेअर आता असे दुसऱ्याच्या नावावर करून विकता येत नाहीत, आधी ते वारसांच्या नावावर आणि मग डिमॅटमध्ये जायला हवेत. पहिलं काम कंपनी आज कुठल्या नावाने आहे ते शोधणं, बऱ्याच विलीन झाल्यात किंवा बंद पडल्यात. मग तिचा आरटीए, म्हणजे शेअरहोल्डरांची नोंद ठेवणारी एजन्सी, कोण ते कंपनीच्या साईटवर मिळतं, त्याला फोलिओ नंबर देऊन लिहा आणि विचारा की शेअर अजून कंपनीकडे आहेत की आयईपीएफ या सरकारी फंडाकडे गेले. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही तर डिव्हिडंडही आणि शेअरही सरकारच्या त्या फंडात जातात, तुमच्या बाबतीत गेले असण्याचीच शक्यता जास्त. गेले म्हणजे बुडाले नाहीत, आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाईन भरून परत मागता येतात, त्याला फी नाही. वेळ मात्र लागतो, महिने लागतात.

कागदपत्रांत खरी अडचण येते नावाची. सर्टिफिकेटवर नावापुढे ‘राव’ आहे, मृत्यूच्या दाखल्यावर नाही, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, आणि मग आरटीए अर्ज परत पाठवतो. म्हणून आधीच दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. एका कंपनीतल्या कागदी शेअर्सची किंमत ५ लाखांपर्यंत असेल आणि नॉमिनी नसेल तर सोप्या कागदपत्रांवर भागतं, इतर वारसांचं ना हरकत पत्र वगैरे. त्याच्या वर गेलं तर वारसा प्रमाणपत्र किंवा कोर्टाचे कागद लागतील. शेअर आईच्या नावावर करायचे ठरवलंत तर तुम्ही दोघं भाऊ ना हरकत द्या, आईचं पॅन, केवायसी आणि डिमॅट आत्ताच तयार करा, त्यात नॉमिनी घाला.

एजंटला ३० टक्के देऊ नका. अगदीच वेळ नसेल तर सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा वकिलाला ठरावीक फी द्या, टक्केवारी नाही. सर्टिफिकेट्सचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूला बोनस किंवा ट्रान्सफरच्या नोंदी असतात त्या सकट, लॅमिनेशन अजिबात करू नका, आणि मूळ कागद आरटीएने लेखी मागितल्याशिवाय कोणाच्याही हातात देऊ नका, एजंटच्या तर नाहीच.